तिकीट काढण्याआधी मला तुझे पंधरा दिवस हवेत

पत्र

ताई, मी इंदिरानगरची. माहेर नाशिक, सासरही नाशिकच. नवऱ्याला नॉर्वेत ट्रॉम्सोला नोकरी लागली म्हणून ऑगस्टमध्ये आम्ही इकडे आलो. सोबत चार वर्षांची मुलगी आहे. आलो तेव्हा रात्री दहालाही उजेड असायचा, सगळं फार छान वाटलं. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य उगवायचाच थांबला. नवरा सकाळी मुलीला बालवाडीत सोडून कामावर जातो, मी पुन्हा झोपते ती अकरा-बाराला उठते. उठले तरी अंग जड असतं आणि दिवसभर गोड खावंसं वाटतं. पंधरा दिवसांपूर्वी दारासमोरच्या बर्फावर घसरले. मनगट अजून दुखतं आणि तेव्हापासून मी घराबाहेर पडायचं नाव काढत नाही. बालवाडीतल्या बाया मुलीला रोज या अंधारात, बर्फात अंगणात खेळवतात. मला इतका संताप येतो की जाऊन भांडावंसं वाटतं. नवरा म्हणतो, होईल सवय. आई रोज रात्री फोनवर म्हणते, पोरीला घेऊन फेब्रुवारीपर्यंत इकडे निघून ये. तिकिटं बघून ठेवली आहेत. येऊ का?

उत्तर

प्रिय मुली,

तिकीट आत्ताच काढू नकोस. यायचंच झालं तर ये, माहेरी येण्यात कमीपणा कसला? पण ते ठरवण्याआधी मला तुझे पंधरा दिवस हवेत. त्यात काय करायचं ते सविस्तर सांगते. मी आता गंगापूर रोडला राहते, पण तुझ्यासारखीच नवऱ्याच्या नोकरीमागे ट्रॉम्सोला गेले होते आणि तिथले हिवाळे काढले आहेत. दुपारी उठणं, अंग जड होणं, डब्यातल्या साखरेकडे हात जाणं, यातलं काहीही मला परकं नाही.

आधी मनगटाचं बघू. हात टेकून पडल्यावर पंधरा दिवसांनीही दुखत असेल, त्यातही अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर कळ येत असेल, तर ते अंगावर काढू नकोस. तिथे एक छोटं हाड असतं, त्याची बारीक चीर कधीकधी पहिल्या एक्स-रेत दिसतही नाही. तुमची तिथे रहिवासी म्हणून नोंद झाली असेल तर प्रत्येकाच्या नावे एक ठरलेला डॉक्टर असतो. त्याची वेळ याच आठवड्यात घे. त्याच भेटीत झोपेचं आणि मनाचंही बोल, त्याबद्दल पुढे लिहिते.

आता मूळ दुखणं. घरच्यांना वाटतंय की तुला थंडी सोसत नाही. तुझी आई बहुधा स्वेटर विणायला बसलीही असेल. पण ट्रॉम्सो आर्क्टिक वृत्ताच्या साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला असूनही त्या मानाने उबदार आहे. अटलांटिकमधून वर येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे तिथलं बंदर गोठत नाही आणि जानेवारीचं सरासरी तापमान शून्याखाली तीन-चार अंशांच्या आसपास असतं. समुद्रापासून आत गेलं की खरी थंडी लागते. कारास्योकला 1886 मध्ये उणे 51.4 अंशांची नोंद झाली, नॉर्वेतला तो नीचांक आजही तोच आहे. तुझ्या वाट्याला त्यातलं काही येत नाही. शिवाय घरात हीटर, दुहेरी काचा, पायाखाली लाकूड. आपल्याकडे निफाडला पारा दोन-चार अंशांवर उतरतो त्या रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून जागणाऱ्या माणसाला तुझ्यापेक्षा जास्त थंडी वाजत असते.

फरक दुसराच आहे. नाशिकची थंडी माणसाला घराबाहेर काढते. फरशी गार, भिंती गार, म्हणून आपण सकाळी गच्चीवर जातो, ओट्यावर बसतो, उन्हात केस वाळवतो, शेजारणीशी बोलतो. कुणी सांगावं लागत नाही, अंगच आपल्याला उन्हाकडे नेतं. ट्रॉम्सोत नेमकं उलटं होतं. ऊब घरात आणि बाहेर काळोख, म्हणून तेच अंग म्हणतं, आतच बस. अंगाचं ऐकून माणूस आत बसतो आणि तिथून सगळं बिघडत जातं. इथला हिवाळा जे तुझ्याकडून आपसूक करून घ्यायचा, ते तिथे रोज ठरवून करावं लागतं. ‘होईल सवय’ हे तुझ्या नवऱ्याचं म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. तो रोज कामावर जातो, चार माणसांत बसतो, म्हणून त्याला सवय होते आहे. पलंगावर पडून ती होत नाही.

शरीरात काय चाललंय ते समजून घे, म्हणजे स्वतःला आळशी म्हणणं थांबवशील. आपल्या आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. रोज सकाळी डोळ्यांवर पडणारा उजेड ते पुन्हा जागेवर आणतो. उजेड पडला नाही की झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचा अंमल सकाळी उशिरापर्यंत राहतो आणि घड्याळ रोज थोडं पुढे सरकत जातं. तू अकराला उठतेस ती त्यामुळे. फार झोप, जड अंग, गोडाधोडाची ओढ हे सगळं एकत्र आणि हिवाळ्यातच येणं, याचं वर्णन मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये केलं आणि तेव्हापासून त्यावर तेजस्वी दिव्याचा उपचार चालत आला आहे. तुला तोच आजार आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही, ते डॉक्टरने ठरवायचं. पण दिवा आजच मागव.

हा दिवा 10,000 लक्सचा लागतो, लक्स म्हणजे उजेडाचं माप. तसं खोक्यावर लिहिलेलं असतं, किती अंतरावर बसायचं तेही असतं. उठल्यावर तासाभराच्या आत अर्धा तास तो समोर, थोडा बाजूला ठेवायचा. थेट त्यात बघत बसायचं नाही. चहा घे, भाजी निवड, काहीही कर. घरातला नेहमीचा बल्ब शंभर ते तीनशे लक्सच्या घरात असतो आणि नाशिकच्या भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स. आकडे शेजारी ठेवून बघ, घरातले चार दिवे लावून भागत का नाही ते कळेल. डोळ्यांचा काही विकार असेल, किंवा कधी मन फार उसळण्याचा आणि मग एकदम खचण्याचा त्रास झाला असेल, तर मात्र आधी डॉक्टरला विचार. संध्याकाळी हा दिवा लावू नकोस, रात्रीची झोप उडेल.

आणि उद्यापासून मुलीला बालवाडीत तू सोड, नवऱ्याने नाही. माझ्या सगळ्या सांगण्यातलं हे एकच ऐकलंस तरी चालेल. एकदा बूट-कोट चढवून बाहेर पडलेली बाई परत येऊन सहसा पांघरुणात शिरत नाही. घरी आलीस की दिवा, नाश्ता, आणि पलंगावर चादर नीट घालून टाक. तुझ्या आईलाही एक काम देते. तुमच्यात साडेचार तासांचं अंतर आहे. नाशिकला दुपारी बारा वाजतात तेव्हा तुझ्याकडे सकाळचे साडेसात. आईने रात्रीऐवजी दुपारी बाराला फोन करावा आणि विचारावं, उठलीस का, लेक तयार झाली का. रात्रीच्या फोनवर दोघी मिळून रडता, त्यापेक्षा हे बरं.

दुसरी वेळ ठरव ती दुपारी बाराच्या आसपासची. तुला दिवसरात्र काळोखच आहे असं वाटतं, पण खिडकीचा पडदा लावून बसलीस तर तसंच वाटणार. ध्रुवीय रात्र, म्हणजे सूर्य उगवतच नाही तो काळ, तिथे साधारण 27 नोव्हेंबर ते 15 जानेवारी चालते. त्यात अगदी 21 डिसेंबरलाही दुपारी सूर्य क्षितिजाच्या फक्त तीन अंश खाली असतो. त्यामुळे साधारण साडेनऊपासून दोनच्या जरा आधीपर्यंत संधिप्रकाश असतो आणि पावणेबाराला तो सगळ्यात जास्त. दक्षिणेकडे आभाळ गुलाबी-नारिंगी होतं, बर्फ निळा दिसतो, समोरच्या डोंगरांच्या कडा स्पष्ट होतात. त्या उजेडाने आतलं घड्याळ जुळेल असं मी सांगणार नाही, तेवढी त्याची ताकद नाही. ते काम दिव्याचं. पण चालणं, मोकळी हवा, भेटणारी माणसं आणि ‘आज दिवस झाला’ ही मनाची खात्री, हे घरात मिळत नाही.

दक्षिण ध्रुवावर पहिल्यांदा पोचलेल्या रोआल्ड अमुंडसेनचा पुतळा तुझ्या गावात बंदराजवळ आहे. तरुणपणी तो ‘बेल्जिका’ जहाजावर अधिकारी होता. 1898 च्या मार्चमध्ये ते जहाज अंटार्क्टिकाजवळच्या बर्फात अडकलं, मे महिन्यात सूर्य गेला तो सुमारे सत्तर दिवस आलाच नाही. माणसं खचली, काहींचं डोकं ठिकाणावर राहीना. जहाजावरचे डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनी खलाशांना रोज पेटत्या शेगडीसमोर बसवायला सुरुवात केली, ताजं मांस खायला लावलं आणि जहाजाभोवती बर्फावर फेऱ्या मारायला लावल्या. तेव्हा ना मेलाटोनिन ठाऊक होतं ना लक्सचे दिवे. उजेड, ऊब, खाणं आणि रोजचं चालणं, एवढ्यावर त्यांनी माणसं सांभाळली. सव्वाशे वर्षांनंतर तुला सांगण्यासारखं माझ्याकडे याहून फार वेगळं काही नाही, हे मला मोठं आश्वासक वाटतं.

चालायचं कसं? पडण्याची भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. ट्रॉम्सोत उणे दहाच्या कोरड्या दिवसापेक्षा शून्याच्या वरखाली होणारा दिवस वाईट. दुपारी पाऊस पडतो, संध्याकाळी तो गोठतो आणि रस्त्याची काच होते. त्यासाठी बुटाखाली चढवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, तिथे त्यांना ब्रॉडर म्हणतात. खेळाच्या दुकानात, किराणा दुकानातही असतात. नाशिकहून नेलेले जाड तळव्याचे बूट कितीही महागाचे असले तरी या काचेवर उपयोगाचे नाहीत. पट्टे दारामागच्या खुंटीवर टांग, पिशवीत एक जोडी ठेव, आणि दुकानात शिरताना काढायला विसरू नकोस, गुळगुळीत फरशीवर तेच घसरतात. चालताना हात खिशाबाहेर, गुडघे किंचित सैल, पावलं आखूड, पूर्ण तळवा एकदम टेकवायचा. पावसाळ्यात गोदाघाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्या तू उतरलेली आहेस ना, अगदी तसं. जिथे खडी टाकलेली दिसेल त्या कडेने जा. कोटाला चमकणारी पट्टी लटकव, तिथे सगळेच लावतात, नाहीतर अंधारात गाडीवाल्याला तू दिसणारच नाहीस.

जायचं कुठे तेही सांगते. तुझं गाव ज्या बेटावर आहे त्याच्या माथ्यावर प्रेस्टव्हानेट नावाचं तळं आहे, त्याच्याभोवती पायवाट आहे. तिथे कुत्री फिरवणारी, बाबागाड्या ढकलणारी माणसं भेटतील. बेटाच्या कण्यावरून दिव्यांची एक वाट जाते, ती मुख्यतः स्कीवाल्यांची. तिथे जाशील तर स्कीच्या आखलेल्या रेषांवर पाय ठेवू नकोस, लोकांना त्याचा फार राग येतो. हवा अगदीच घाण असेल तर शहरातल्या ग्रंथालयात जा. कमानीसारख्या छपराची, उंच काचांची ती इमारत मला फार प्रिय होती. कुणी काही विचारत नाही, कितीही वेळ बसता येतं. भाषा शिकणाऱ्यांच्या गप्पांची बैठक कधी असते याची तिथेच चौकशी कर. दर आठवड्याला एका ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी कुणीतरी आपली वाट बघतंय, हे तुला दिव्याइतकंच लागणार आहे.

आता तुझ्या लेकीबद्दल. इथे मी तुझ्याशी सहमत नाही आणि ते स्पष्ट सांगते. बालवाडीतल्या बाया तुझ्या मुलीचं भलं करताहेत. तिथे तान्ही बाळंसुद्धा बाबागाडीत गुंडाळून बाहेर झोपवतात. हवा फार कडक असेल तर मुलांना आत ठेवतात, ते त्यांना कळतं. सर्दी-खोकला विषाणूंमुळे होतो आणि दारं-खिडक्या बंद केलेल्या गरम खोलीत तो एकाकडून दुसऱ्याकडे पटकन जातो. बाहेर खेळल्यामुळे मूल आजारी पडत नाही, ओल्या कपड्यांत राहिल्यामुळे ते हैराण होतं. म्हणून भांडण कपड्यांशी कर.

अंगालगत लोकर हवी. सुती बनियन घालूच नकोस. सूत घाम धरून ठेवतं आणि मग गार पडतं. आईच्या हातचा स्वेटर मधला थर म्हणून उत्तम, विणू दे तिला. वरून वारा आणि पाणी अडवणारा एकसंध पोशाख. हातमोजे किमान तीन जोड्या, कारण बर्फात खेळून ते तासाभरात भिजतात. लोकरीची जास्तीची एक जोडी बालवाडीतल्या तिच्या खणात कायम असू दे आणि प्रत्येक कपड्यावर नाव घाल. बुटात बोटं हलली पाहिजेत. दोन जाड मोजे कोंबून बूट घट्ट केला तर पाय जास्त गार पडतो, कारण ऊब धरायला आत हवाच उरत नाही. हे सगळं नवं घ्यायची गरज नाही. मुलं भराभर वाढतात, त्यामुळे तिथे चांगले वापरलेले कपडे स्वस्तात मिळतात, फिन नावाच्या संकेतस्थळावर शोध.

मुलीला थंडी वाजतेय का, हे तिच्या हातांवरून किंवा नाकावरून ठरवू नकोस. ते गारच असणार. मानेच्या मागे कॉलरमधून दोन बोटं घाल. तिथे त्वचा उबदार आणि कोरडी लागली तर सगळं ठीक. गार लागली तर एक थर वाढव. ओलसर, घामेजलेली लागली तर तू तिला जास्त कोंबलं आहेस, एक थर काढ. आपल्याकडच्या आया बहुतेक वेळा ही शेवटची चूक करतात. बालवाडीतल्या बाया तपासताना नेमकं हेच करतात, उद्या सोडायला जाशील तेव्हा बघ. आणि गेलीच आहेस तर कुंपणाशी पाच मिनिटं थांब. चमकते जाकीट घातलेली तुझी पोर बर्फाच्या ढिगावरून पार्श्वभागावर घसरत खाली येताना बघितलीस की तुझा निम्मा राग तिथेच उतरेल असं मला मनापासून वाटतं. डब्यात दशमी किंवा तूप-गुळाची पोळी गुंडाळून दे. गार झाली तरी खाता येते आणि बर्फात खेळलेल्या मुलांना भूक फार लागते.

ड जीवनसत्त्वाचं थोडक्यात. तुझ्या अक्षांशावर ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत उन्हातून ते जवळपास तयार होतच नाही, आणि आपल्या सावळ्या त्वचेला त्यासाठी गोऱ्यांपेक्षा जास्त ऊन लागतं. तिथले लोक कॉड माशाच्या यकृताचं तेल चमच्याने घेतात. मासे खात असशील तर बांगडा, सामन, हेरिंग यांतून बरंच मिळतं. शाकाहारी असशील तर गोळी घे, दगडफुलाच्या जातीपासून केलेलीही मिळते. मोठ्यांना रोज 10 मायक्रोग्रॅम ही तिथली नेहमीची शिफारस आहे. तुझी पातळी आधीच कमी असू शकते, म्हणून मनगटासाठी जाशील तेव्हा रक्ततपासणीचंही विचार. मुलीचा डोस डॉक्टरकडूनच घे. हीटरने हवा कोरडी होऊन ओठ-गाल फुटतात, त्याला बाहेर जाण्याआधी पाणी नसलेलं स्निग्ध मलम पुरतं.

दिवाळीचा आकाशकंदील उतरवला असशील तर पुन्हा लाव. डिसेंबरात तिथे घरोघरी खिडक्यांत तारे आणि दिवे लागतात, त्यात तुझा कंदील शोभून दिसेल आणि शेजारीण विचारायलाही येईल. तिला चहाला बोलव. दत्तजयंतीच्या आसपास आकाश निरभ्र असेल तर चंद्राकडे लक्ष ठेव. हिवाळ्यातल्या पौर्णिमेचा चंद्र त्या अक्षांशावर इतका वर राहतो की काही दिवस मावळतच नाही, आकाशात गोल फिरत राहतो. लेकीला दाखव. आणि ध्रुवीय प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) दिसला की मध्यरात्र असली तरी तिला उठव, दुसऱ्या दिवशी शाळा बुडाली तरी चालेल.

तुझ्या नवऱ्यासाठी दोन ओळी, त्याला वाचायला दे. बाबा रे, शनिवार-रविवारी दुपारी बाराला तिघं मिळून बाहेर पडा, स्वयंपाक आल्यावर करा. आणि ती रडली तर ‘सवय होईल’ म्हणू नकोस, जवळ बस. तुझ्या नोकरीसाठी तिने आपलं गाव, आपली माणसं आणि हातातली सगळी कामं सोडली आहेत. पुढच्या सहा महिन्यांत तिची भाषा आणि तिचं काम मार्गी लागणं ही तुझीही जबाबदारी आहे.

डॉक्टरकडे मन मोकळं करायला लाजू नकोस. त्या गावात हिवाळ्यातल्या झोपेची आणि मनाची तक्रार घेऊन येणारी तू काही पहिली नाहीस. दोन आठवडे दिवा लावून, चालून, वेळेवर उठूनही उदासी तशीच असेल, मुलीकडे बघायचंही त्राण नसेल, तर औषधोपचार लागतील आणि ते घ्यावेत. आणि जगूच नये असा विचार एकदा जरी आला, तर वाट बघायची नाही. 116117 या क्रमांकावर तातडीची वैद्यकीय सेवा मिळते, जीवावरचं असेल तर 113. नवऱ्याला त्याच क्षणी उठवायचं. तसं झालं तर नाशिकला येण्याचा निर्णय डॉक्टरशी बोलून, लगेच घ्यायचा, आणि तेव्हा माझे पंधरा दिवस बाजूला ठेवायचे.

आता तुझ्या आईचं ‘फेब्रुवारीपर्यंत ये’. तिचा जीव तुटतो ते कळतं, पण तो महिना तिने चुकीचा धरला आहे. बर्फ फेब्रुवारीत संपत नाही. ट्रॉम्सोच्या वेधशाळेतला सगळ्यात जास्त बर्फ, 240 सेंटीमीटर, 29 एप्रिल 1997 ला मोजला गेला. पण उजेड त्याआधीच परत येतो. आपल्याकडे तिळगूळ वाटतात, येवल्यात पतंग उडतात, साधारण त्याच दिवसांत तुझ्याकडची ध्रुवीय रात्र हिशेबाने संपते. डोंगर आड येतात म्हणून शहरातून सूर्य दिसायला 21 जानेवारी उजाडते. त्या दिवशी गावभर जॅम भरलेले गोड गोळे खातात, मुलांना घेऊन लोक बाहेर येतात. तिथून दिवस इतक्या वेगाने वाढतो की मार्चअखेर तो बारा तासांच्या पुढे गेलेला असतो. आत्ता निघून फेब्रुवारीत परतलीस तर अंधाराचा त्रास तर भोगलेला आणि त्याचा शेवट मात्र पाहिलेला नाही, असं होईल. मग पुढच्या नोव्हेंबरची धास्ती तुला सप्टेंबरातच लागेल. मुलीचंही बघ. आत्ता कुठे तिला मैत्रिणी मिळताहेत, दोन-अडीच महिने काढून घेतलीस तर तिला सगळं पहिल्यापासून करावं लागेल.

म्हणून असं कर. पंधरा दिवसांनी बरं वाटू लागलं असेल तर राहा. बरं वाटतंय पण माहेरची आठवण असह्य होतेय, असं असेल तर डिसेंबरच्या शेवटी दोन आठवड्यांसाठी ये, परतीचं तिकीट काढूनच. तिथले लोकही हिवाळ्यात सुट्टी काढून उन्हाच्या देशात जाऊन येतात, त्यात पळून जाणं काही नाही. नवऱ्याला सुट्टी मिळत असेल तर तिघंही या. आलीस की दुपारभर गच्चीवर बस, डिंकाचे लाडू खा, आईकडून लोकरीचे मोजे आणखी विणून घे, आणि 21 जानेवारीच्या आत ट्रॉम्सोत परत जा.

तुझी,
ताई